अकरावीला किती एपी घ्यायचे?

फेब्रुवारी आला की आमच्या सेंट्रल न्यू जर्सीतल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर एकच विषय. शाळेतून पुढच्या वर्षीच्या कोर्सेसचे फॉर्म येतात आणि मग "तुमची किती घेतेय?", "आमचा सहा घेतोय", "सहाच?" असं सुरू होतं. आमचा धाकटा सध्या दहावीत आहे, त्याचा फॉर्म डायनिंग टेबलवर पडलाय, आणि गेल्या आठवड्यात चौघीजणींचे फोन आले की तुम्ही काय ठरवलंत, मोठीच्या वेळचा अनुभव सांग ना. चौघींना चार वेळा सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. लांबणार आहे, पण ज्यांच्या घरी हा फॉर्म आलाय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडक्यात. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय हायस्कूलमध्येच शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्ड ह्या संस्थेची परीक्षा द्यायची, १ ते ५ मधला स्कोअर येतो, आणि कॉलेजने मान्य केला तर तेवढे क्रेडिट मिळतात, म्हणजे कॉलेजातला तेवढा अभ्यास झालेला धरतात. चाळीसच्या आसपास विषय आहेत, कॅल्क्युलसपासून आर्ट हिस्टरीपर्यंत. शाळेत शिकायला वेगळे पैसे नाहीत, परीक्षेची फी २०२५ मध्ये ९९ डॉलर होती. इथवर सगळं छानच आहे, आणि विषयाची आवड असलेल्या मुलाला एपीचा वर्ग म्हणजे खरंच पर्वणी असते. गडबड सुरू होते ती विषय मोजायला लागल्यावर.

आम्ही काय केलं ते सांगते. मोठी अकरावीत, म्हणजे जूनियर इयरला जाणार होती. दहावीत तिने एकच घेतला होता, वर्ल्ड हिस्टरी, आणि तो तिला झेपला होता. मग आम्ही फॉर्मवर पाच टाकले. कॅल्क्युलस बीसी, केमिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज (मुलं नुसतं लँग म्हणतात), यूएस हिस्टरी म्हणजे ए-पुश, आणि कंप्युटर सायन्स ए. शेवटचा का, तर घरात आम्ही दोघंही आयटीत, मग मुलीच्या ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या मार्कशीटवर) सीएस नाही हे कसं दिसेल? तिला हवाय का हे मी विचारलं होतं का? विचारलं होतं, पण ज्या आवाजात विचारलं त्यात "हो"शिवाय दुसरं उत्तर देणं तिला शक्य नव्हतं, हे मला आज कळतं.

आणि सीएसला जागा करायची म्हणून तिचं ऑर्केस्ट्रा काढलं. सहावीपासून वाजवत होती व्हायोलिन. ह्यात वेटेड जीपीएचं, म्हणजे अवघड विषयांना जास्त पॉइंट देऊन काढलेल्या सरासरीचं, गणितही होतं, आणि ते एकदा मांडून दाखवते कारण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आमच्या शाळेत एपीमध्ये ए मिळाला की ५ पॉइंट, साध्या वर्गात ए मिळाला की ४. समजा चार एपी आणि दोन साधे विषय, सगळीकडे ए, तर २८ भागिले ६ म्हणजे ४.६७. आता त्यात ऑर्केस्ट्रा घाला आणि तिथेही ए मिळवा, तर ३२ भागिले ७, म्हणजे ४.५७. मूल एक विषय जास्त शिकलं, त्यातही पूर्ण मार्क मिळवले, आणि आकडा खाली आला! सोळा वर्षांच्या मुलीला आम्ही हे कागदावर मांडून दाखवलं. ती काही बोलली नाही, व्हायोलिनची केस कपाटाच्या वर ठेवून आली.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत आमच्या घरी काय चाललं होतं ते बघा. बस सकाळी ६:५० ला. दुपारी अडीचला शाळा सुटायची, दोन दिवस टेनिस, घरी येऊन काहीतरी तोंडात टाकायची आणि टेबलावर बसायची ती बसायचीच. मी रात्री झोपताना "झालं का गं?" विचारायचे, ती "होतंय" म्हणायची. एका रात्री मला पावणेदोनला जाग आली तर खाली दिवा. ती ए-पुशच्या डीबीक्यूची तयारी करत होती. डीबीक्यू म्हणजे सात जुनी कागदपत्रं देतात, पत्रं, भाषणं, एखादं व्यंगचित्र, आणि तासाभरात ती वाचून त्यांच्या आधाराने निबंध लिहायचा. बाजूला मी साडेआठला वाढलेलं वरणभाताचं ताट, वरणावर साय धरलेली, लिंबाची फोड सुकून गेलेली. आणि डाव्या तळहातावर बॉलपेनने यादी: केम क्विझ, लँग ड्राफ्ट, बीसी २४ ते ३२, सीएस लॅब. हात धुतल्यावर जाईल म्हणून तिने त्यावरून पेन दोनदा फिरवलं होतं, कातडी लाल झाली होती. मी म्हटलं, अगं जेवली का नाहीस? ती म्हणाली, "आई, जेवायला उठले तर परत बसवणार नाही."

मी स्वतःला फार समजूतदार आई समजत होते, पण त्या रात्री मला माझी बारावी आठवली. १९९५, कोल्हापूर. मला गणित आणि फिजिक्स मनापासून आवडायचं, इंजिनिअरिंगला जायचं हे जवळपास ठरलेलं, तरी घरातून एकच धोशा, बायो पण ठेव, दोन्ही ग्रूप ठेव, ऑप्शन ओपन राहील. मग सकाळी सहाला फिजिक्सचा क्लास, संध्याकाळी बायोचा, आणि रात्री जर्नलमध्ये जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद एचबी पेन्सिलने काढत बसायचं. बायोत मार्क बरे पडले, पण गणितात जिथे पैकीच्या पैकी पडायला हवे होते तिथे घसरले, कारण सरावाला वेळच उरला नाही. आईबाबांना दोष देत नाही, त्यांच्या डोळ्यासमोर मुलीची काळजीच होती. पण तीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, मी तेच करत होते, फक्त नावं इंग्रजी झाली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक काम केलं आणि ह्या पोस्टमध्ये सांगण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे. दोन आठवडे तिने कुठल्या विषयाला घरी किती मिनिटं लागली ते वहीत लिहिलं. केम रोज ५० मिनिटं, लॅब रिपोर्ट असेल तर दीड तास. बीसी ४५. ए-पुश तासाच्या वर, कारण वाचन संपतच नाही. लँग कधी अर्धा तास, कधी दोन. सीएस साधारण ४०. वर स्पॅनिश वगैरे होतंच. रोजचे साडेचार ते पाच तास झाले. मग एका कागदावर २४ तास मांडले आणि सगळ्यात आधी झोप लिहिली. ह्या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात, आणि अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०१४ पासून सांगून ठेवलंय की शाळा साडेआठच्या आधी सुरूच करू नका. कॅलिफोर्नियात तसा कायदाही झाला, २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाही. आमच्याकडे अजून तसं नाही, त्यामुळे सहाला उठायचं असेल तर दहाला झोपलं पाहिजे. आठ तास झोप, शाळा आणि बस आठ तास, खाणंपिणं, आंघोळ, टेनिस काढलं तर अभ्यासाला उरतात तीन, फार तर साडेतीन तास. आणि आम्ही त्यात पाच कोंबत होतो! मग राहिलेले दीड-दोन तास झोपेतूनच जाणार ना, अजून कुठून येतील?

मग पाचाचे तीन केले. सीएस सोडला, ए-पुशवरून एपी नसलेल्या ऑनर्स हिस्टरीत गेली (जर्सीत यूएस हिस्टरी दोन वर्षं करावीच लागते, तेव्हा विषय काही सुटत नाही). हे सोपं नव्हतं. सीएस सोडल्याचा डब्ल्यू, म्हणजे 'विथड्रॉन' असा शेरा, ट्रान्सक्रिप्टवर लागला. शाळेतले एक जण तोंडावर म्हणाले की कॉलेजं काय म्हणतील ह्याचा विचार करा, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं. पण ज्यांना हे करायचंय त्यांनी वेळेत करा. मे महिन्यातल्या परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यातच बंद होते, आणि नंतर परीक्षा रद्द केली तर त्याचेही ४० डॉलर पडतात.

आता तो "कॉलेजं काय म्हणतील" हा मुद्दा, कारण सगळी भीती तिथेच आहे. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकत्र चालणाऱ्या प्रवेश-अर्जात, शाळेच्या काउन्सेलरला सांगावं लागतं की ह्या मुलाने निवडलेला अभ्यासक्रम त्या शाळेच्या मानाने किती अवघड आहे. आणि सोबत शाळेचं प्रोफाइल जातं, त्यात शाळेत एकूण किती एपी शिकवतात ते असतं. म्हणजे तुलना होते ती तुमच्याच शाळेत काय उपलब्ध आहे त्याच्याशी, कुठल्यातरी ग्रूपवरच्या अनोळखी मुलाशी नाही. अवघड विषय घेतलेले बघतात हे खरंच आहे, मी कुणाला "सगळं साधं घ्या, काही फरक पडत नाही" असं सांगणार नाही, ते खोटं ठरेल. पण बे एरियातल्या माझ्या मावसबहिणीने मला एक गोष्ट समजावून सांगितली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जो कॅप केलेला जीपीए काढते त्यात जास्तीचे पॉइंट फार तर आठ सेमिस्टरचे धरतात, म्हणजे वर्षभराचे चार कोर्स, आणि त्यातही दहावीतले चारच सेमिस्टर. त्या आकड्यापुरतं पाहिलं तर पाचव्या, सातव्या, नवव्या एपीला काहीच मिळत नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलवाल्यांनी तर आपल्याच विद्यार्थ्यांचे मार्क तपासले होते, तेव्हा हायस्कूलमध्ये कॉलेजच्या तोडीचे पाच कोर्स केलेल्या मुलांचं कॉलेजचं पहिलं वर्ष कमी कोर्स केलेल्यांपेक्षा चांगलं गेलेलं दिसलं, पण पाचाच्या पुढे फारसा फरक नव्हता. आणि हे पाच म्हणजे चारही वर्षांत मिळून, एका अकरावीत नव्हे.

क्रेडिट मिळून पैसे वाचतात हा मुद्दा मात्र खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. आमच्या मंडळातल्या एका ताईंचा मुलगा रटगर्सला, म्हणजे इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीला गेला, तिथे ४ किंवा ५ स्कोअरला क्रेडिट देतात, त्याचे बरेच कोर्स आधीच झालेले होते. ज्या घरात फी हा मोठा प्रश्न आहे तिथे हे गणित नक्की करा, पण ज्या कॉलेजात जायचंय त्याच्या वेबसाइटवर जाऊन करा. डार्टमथने २०१४ पासून आत येणाऱ्या मुलांना एपीचं क्रेडिट देणं बंद केलंय, कॅलटेकही देत नाही. म्हणजे "टॉपच्या कॉलेजसाठी दहा एपी घेतोय आणि वर पैसेही वाचतील" ही दोन्ही स्वप्नं बरेचदा एकत्र पुरी होत नाहीत.

आणि झेपणारी मुलंही असतात हे मी मान्य करते. आमच्या ओळखीचा एक मुलगा आहे, गणित आणि फिजिक्स त्याच्या रक्तात आहे, बीसी दहावीतच केलं, फिजिक्स सीचे दोन्ही भाग हसत केले. त्याला थांबवणं अन्याय ठरला असता. पण तो त्याचा पिंड आहे. त्याच्याकडे बघून आपल्या मुलीचा फॉर्म भरायचा हे मला आता पटत नाही, मग समोरचा कितीही प्रेमाने सांगू दे.

आपल्या इथलीच गोष्ट आहे, २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सगळ्या सरकारी शाळांच्या प्रमुखांनी, म्हणजे सुपरिंटेंडंटनी, मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना मोठं पत्र लिहिलं, हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद केल्या, होमवर्क नसलेल्या रात्री ठरवल्या. त्यावरून पालकांत उभी फूट पडली, आणि विरोधात आपल्यासारखे आशियाई पालक पुष्कळ होते. त्यांचं म्हणणं मला कळतं. आपण मार्कांच्या जोरावर इथवर आलो, दुसरी शिडी आपल्याला माहीतच नव्हती, ती कोणी काढून घेतंय असं वाटणारच. पण आपल्या मुलांच्या पायाखाली जमीन आहे, त्यांच्यामागे आपण आहोत. आपल्याइतकं घाबरून त्यांनी का जगायचं?

तीन विषय झाल्यावर काय झालं ते सांगते. डिसेंबरात ती केमबद्दल जेवताना बोलायला लागली, टायट्रेशनमध्ये रंग एका थेंबाने कसा बदलतो ते हातवारे करून सांगत होती. विषय तोच, शिक्षक तेच. फक्त त्याचा विचार करायला तिला डोक्यात जागा मिळाली. ऑर्केस्ट्राच्या सरांनी मधूनच परत घेतलं, व्हायोलिनची ई स्ट्रिंग तुटली होती ती बदलून आणली. मे महिन्यातल्या परीक्षांत तिला स्कोअर किती आले आणि आता बारावीत अ‍ॅप्लिकेशनचं काय झालं हे मी मुद्दाम लिहीत नाहीये. चांगलं लिहिलं तर लोक म्हणणार बघा तीनच पुरतात, वाईट लिहिलं तर म्हणणार आम्ही सांगत होतो. निर्णय बरोबर होता हे मला तिच्या जेवणाच्या ताटावरून कळलं होतं, कुठल्या पोर्टलवरून नाही.

धाकट्याचं ह्या वेळी उलट्या क्रमाने केलंय. आधी २४ तासांचा कागद, त्यावर झोप, मग बास्केटबॉल आणि रविवारची मराठी शाळा (ती सोडायची नाही असं तो स्वतः म्हणाला), आणि मग उरलेल्या तासांत बसतील तेवढे विषय. दोन बसले, तिसरा ओढूनताणून. त्याला एन्व्हायर्न्मेंटल सायन्स घ्यायचाय, ग्रूपवर त्याला "सोपा एपी" म्हणतात म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं, पण ह्या पोराने घरामागच्या ओढ्यातल्या पाण्याचे नमुने बरणीत भरून गॅरेजमध्ये ओळीने मांडून ठेवलेत, प्रत्येकावर तारीख लिहून. त्याच्यासाठी तोच योग्य आहे. दुसरा लँग. तिसऱ्याचं शुक्रवारपर्यंत ठरवायचंय, आणि ते तोच ठरवणार आहे, मी फक्त सही करणार.

तो तासांचा तक्ता मी एक्सेलमध्ये करून ठेवलाय, विषय आणि मिनिटं टाकली की बेरीज आपोआप येते. ज्यांना हवाय त्यांनी इनबॉक्समध्ये मेसेज करा, पाठवते. फक्त एकच विनंती, मिनिटं मुलांना भरू द्या, त्यांच्या वतीने आपण भरू नका.