ज्याची भीती वाटते त्यालाच वर्गणी द्यायची का?

आज दुपारी सोलापूरच्या चाटी गल्लीतील एका कापड दुकानात जे पाहिले, त्यानंतर माझे डोके अजून शांत झालेले नाही. एका संस्थेत इंटर्नशिप करणाऱ्या दोन विद्यार्थिनी स्वच्छता जनजागृती मोहिमेसाठी प्रायोजक शोधत तेथे आल्या होत्या. वस्तीत घरोघरी जाऊन ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवण्याविषयी सांगायचे, पथनाट्य करायचे आणि कापडी पिशव्या वाटायच्या, एवढीच त्यांची योजना. गल्ल्यावर बसलेल्या मालकांनी त्यांना शांतपणे सांगितले, "मालक बाहेरगावी गेलेत, पुढच्या आठवड्यात या." मागच्या भिंतीवर याच मालकांचा सत्काराचा भलामोठा फोटो लावलेला होता!

त्यावर एक मुलगी म्हणाली, "काका, पैसे नसले तरी चालेल, उरलेलं कापड द्या, आम्ही पिशव्या शिवून घेऊ." तेव्हा बाहेरगावी गेलेले मालक तत्काळ परतले आणि त्यांनी सात रस्ता चौकात स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावण्याची अट घातली. मोहीम संपताच तो फ्लेक्सच कचऱ्यात जाणार, हे त्यांना कोणी सांगावे?

हेच गृहस्थ गणेशोत्सवात आणि प्रत्येक जयंतीला, मंडळाची दहा पोरे दारात उभी राहिली की पावतीवरचा आकडाही न वाचता पैसे काढून देतात. त्या पोरांची भीती वाटते आणि फाईल घेऊन आलेल्या मुलींची वाटत नाही, एवढाच हा फरक आहे. सीएसआरचा, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्च करण्याचा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे, दुकानदाराला तो लागू नाही, हे मान्य. रोज कोणी ना कोणी मागायला येते आणि त्यांत खोटी पावतीपुस्तके घेऊन फिरणारेही असतात, हेही मान्य. पण नकार द्यायचा तर तोंडावर द्यावा. मुलींना पुन्हा उन्हातून यायला लावू नये.

बाहेर आल्यावर त्या मुलींशी बोललो, तेव्हा मात्र दुकानदारावरचा माझा राग थोडा उतरला आणि संस्थेवर चढला. किती प्रायोजकत्व आणले, यावर त्यांचे प्रमाणपत्र ठरणार आहे. हातात पावतीपुस्तक नाही, सोबत संस्थेचा एकही पदाधिकारी नाही. गाडगेबाबा दिवसा स्वतः गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. आपल्याकडचे पदाधिकारी मात्र पंख्याखाली बसून मुलींना बाजारात पाठवतात. याला काय शिक्षण म्हणायचे? तरीही त्या मुली हसत होत्या आणि पुढच्या दुकानाची पायरी चढत होत्या. त्यांचे मला खरोखर कौतुक वाटले.

अक्कलकोट रोडच्या कारखानदार मित्रांनो, चादरीच्या कापडाचे तुकडे पडून असतील तर माझ्याकडे पाठवा, मी ते त्यांच्यापर्यंत पोहोचवीन. फक्त चिंध्या नकोत; पिशवीत दोन किलो भाजी मावली पाहिजे.