गार बेळगाव गार करण्याची कला

खानापूर रोडला तुम्ही तळमजला अधिक तीन असं कॉम्प्लेक्स काढलंय, असं कानावर आलं. उत्तम. खाली साड्यांचं शोरूम, वर बँक नाहीतर क्लासेस, सगळ्यात वर हॉल. आता कुणीतरी शहाणा येऊन 'वीज वाचेल असं बांधा' म्हणून सांगेल. त्याचं जरूर ऐका, फक्त कधी ऐकायचं ते मी सांगतो: इमारत पुरी झाल्यावर, उद्घाटन उरकल्यावर, पहिलं लाईट बिल आल्यावर. नकाशा काढतानाच ऐकलंत तर वीज खरोखर वाचते, आणि वाचवल्याचं कुणाला दिसतही नाही. असल्या बचतीला काय अर्थ?

सुरुवात पाडण्यापासून करू. जागेवर आजोबांचं घर असेलच. दीड-दोन फुटी दगडी भिंती, मंगळुरी कौलं, वर माळा, मागं परडं. मे महिन्यातल्या दुपारी तिथं पंख्याशिवाय डोळा लागायचा, कारण जाड भिंतीतून ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर बाहेर वारं सुटलेलं असायचं. तापलेली हवा कौलांच्या फटीतून आपली आपण निघून जायची. हे सगळं फुकट, आणि फुकटच्या गारव्याला गिऱ्हाईक मान देत नाही. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरच्या या गावाला जुनी माणसं 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणायची. त्यातलं महाबळेश्वर गेलं तरी चालेल, गरीब मात्र आधी गेला पाहिजे. चालवा जेसीबी.

आता काच. दर्शनी बाजू पश्चिमेला येत असेल तर तुम्ही नशीबवान. वरपासून खालपर्यंत काच लावा, एकेरी आणि स्वस्तातली. छज्जा काढू नका, छज्जा म्हणजे तालुक्याच्या शाळेचं लक्षण. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर कललेलं ऊन सरळ या काचेवर येतं, तेव्हा चौरस मीटरमागे पाचशे-सहाशे वॅट उष्णता सहज अंगावर घेता येते, आणि साधी काच त्यातली बरीचशी आत सोडते. म्हणजे दर दोन चौरस मीटरला एक इस्त्री चालू ठेवल्यासारखं. मग आतून जाड पडदे ओढा. पडदा तापतो, पण तो आता काचेच्या आत असल्यामुळे ती उष्णता तुमचीच. पडद्यांनी अंधार झाला की भरदुपारी सगळे दिवे लावा, दिव्यांचीही थोडी ऊब मिळते. बाहेरून जाणारा माणूस म्हणतो, काय झकपक बिल्डिंग आहे! त्याला काय ठाऊक, आतल्या मॅनेजरनं दोन वर्षांत खानापूर रोड पाहिलेला नाही.

गच्चीवर पांढरा चुना मारावा, ऊन परत जातं, स्लॅब तापत नाही, असं गवंडीसुद्धा सांगतो. गवंड्याचं कुणी ऐकतं का?

एसीचं मशीन घेताना खोलीचा हिशेब करायचा नाही. किती माणसं बसणार, किती कॉम्प्युटर, काच कुठल्या दिशेला, असले प्रश्न विचारणारा माणूस आला तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. आपल्याला दारातून नजर टाकून 'दोन टन टाका, बिनधास्त' म्हणणारा हवा. एक टन म्हणजे तासाला साडेतीन युनिटांइतकी उष्णता खोलीबाहेर फेकण्याची ताकद. जिथं एका टनात भागतं तिथं दोन टन लावले की मशीन पाच मिनिटांत खोली गार करतं आणि बंद पडतं, परत सुरू होतं, परत बंद. एवढ्या वेळात हवेतला ओलावा काही निघत नाही. पावसाळ्यात साड्यांना कुबट वास येऊ लागला की रूम फ्रेशनर घ्या. शिवाय मोठ्या मशिनींमुळे मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची ती मर्यादाही वाढवून घ्यावी लागते, आणि त्याचा स्थिर आकार हेस्कॉमला, म्हणजे इथल्या वीज कंपनीला, दरमहा द्यायचा असतो. जानेवारीत एसीला हात लावला नाहीत तरीही. इतका नियमित खर्च दुसरीकडे कुठं करता येतो?

रिमोटचं एक सांगून ठेवतो. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे एसी सुरू केल्यावर आपोआप 24 अंशांवर यावेत असा नियम झाला. ऊर्जा दक्षता ब्युरोचं म्हणणं, एक अंश वर ठेवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. म्हणून रोज सकाळी शटर उघडल्यावर पहिलं काम 24 चे 16 करणं, अगरबत्ती नंतर. 16 वर ठेवल्यानं साधं मशीन काही जास्त जोर लावत नाही, ते नुसतं थांबायचं सोडतं. पण काउंटरवरच्या माणसाला आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि कामगारांचं समाधान बिलात मोजता येत नाही.

या कलेचा कळस बघायचा तर ऑगस्टात खडेबाजारात चक्कर मारा. झड लागलेली, गल्लीतून पाणी वाहतंय, बाहेर बावीस अंश. दुकानात एसी अठरावर. कॅशिअर स्वेटर घालून, साड्या उलगडणाऱ्या मुलीच्या डोक्याला स्कार्फ, आणि गिऱ्हाइकाचं स्वागत व्हावं म्हणून काचेचं दार स्टूल लावून सताड उघडं.

"एसी जरा कमी करा की ओ, हुडहुडी भरली बघा," मावशी म्हणतात.

"मावशी, दार उघडंच आहे की, गार कुठं राहतंय?"

दोघांचंही बरोबर आहे. दार उघडं ठेवलं की बाहेरची दमट हवा आत येते, मशीन तिच्यातलं पाणी काढत बसतं, आणि गल्लीला गारवा मिळतो. आपण गल्लीसाठी एवढंही करू नये?

आउटडोअर मशिनी सगळ्या एकाच बोळात एकमेकींच्या तोंडावर गरम श्वास सोडतील अशा बसवा, आणि पुढून पाटीनं झाका. पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, हा नियम 2024 पासून पक्का आहे आणि तो टेप लावून बघायला माणसं येतात. उरलेल्या 40 टक्क्यांत मराठी केवढी, इंग्रजी केवढी, यावर घरात तुमचं भांडण होईल. पण पाटीमागं शंभर टक्के गुदमरणाऱ्या कॉम्प्रेसरकडे टेप घेऊन कुणीही येत नाही, निर्धास्त राहा. फिल्टर धुवायची गरज नाही. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आपलं नाव आलं, त्यानंतर रस्ते एवढे खणले की जाळीवर धुळीचा थर बसणं हा आता शहराचा इतिहास आहे. तो जपा.

गरम करण्याचंही थोडं बघू, कारण वरच्या मजल्यावर पुढं लॉज काढायचा विचार तुमच्या मनात येणारच. सोलर बंब होर्डिंगच्या सावलीत बसवा. पाईपला आवरण घालू नका, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे खालच्या मजल्यावरचा पाहुणा गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी सोडून देईल आणि शेवटी गिझर लावेल. डिसेंबरात पाहुण्यांना तोटा नाही, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. ते जिथं भरतं तो सुवर्णसौधही अभ्यासावा असाच. 2012 मध्ये उद्घाटन झालेली एवढी अवाढव्य वास्तू, आणि सभागृह भरतं ते वर्षातल्या सगळ्यात गार महिन्यात, दहा-बारा दिवस. एसीची बचत यापेक्षा चांगली मला तरी सुचत नाही.

14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. तुमच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवा. एसी सकाळपासून लावून ठेवा, पाहुण्यांना शाल द्या, ती लगेच अंगावर घेतील. '100 किलोवॅट जोडभार असला की वीज वाचेल असं बांधायची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता लागू' असं एखादा वक्ता म्हणेल, तेव्हा घाबरू नका. एक मीटर तुमच्या नावावर, एक वहिनींच्या, एक धाकट्या भावाच्या, म्हणजे प्रत्येक मीटर शंभराच्या आत.

एका माणसावर मात्र लक्ष ठेवा. तुमचा रात्रीचा वॉचमन चंदगडकडचा नाहीतर खानापूरकडचा म्हातारा असणार. बेळगावची रात्र एप्रिलातही गार पडते हे त्याला ठाऊक आहे. तो अकरा वाजता जिन्याच्या वरच्या आणि खालच्या खिडक्या उघडून ठेवील. काय करूलाय मामा, विचारलं तर "गार वारं घेऊलोय की," म्हणेल. रात्रभर भिंती निवतात आणि सकाळी दहा-साडेदहापर्यंत एसी लावायची आठवणच होत नाही. एवढ्यावर खर्च केलेल्या दोन-दोन टनांचं मग काय करायचं? तेव्हा खिडक्या सिलिकॉन भरून कायमच्या बंद करून घ्या. करंट गेला आणि आत घुसमटलं तर खाली जनरेटर आहेच. त्याच्या डिझेलची पावती फक्त 'इतर खर्च' मध्ये लावत चला, म्हणजे विजेच्या खात्यात दर वर्षी बचत दिसेल.