गळा नको, हात ऐका

हेवी मेटल संगीत म्हणजे नुसता आरडाओरडा, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी कधीच सोडून दिलंय. माझं भांडण घरातलं आहे, मेटल ऐकणाऱ्यांशीच. थ्रॅश कुठे संपतं आणि डेथ कुठे सुरू होतं, अमुक बँड ब्लॅक मेटल आहे की नुसताच तोंड रंगवून उभा राहतो, न्यू मेटलला मेटल म्हणायचं की नाही... ही भाऊबंदकी बाहेरच्याला हास्यास्पद वाटते आणि आतल्याला सोडवत नाही. मला तर ती मनापासून आवडते. फक्त ती बरेचदा भलत्याच मुद्द्यावर चालते.

नवखा माणूस आधी गळा ऐकतो. गायक गुरगुरला की डेथ, चिरकला की ब्लॅक, वरच्या पट्टीत स्वच्छ गायला की पॉवर. हा हिशेब थोडे दिवस चालतो. मग कुणीतरी ॲट द गेट्सचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ (१९९५) हातात देतं. गायक पोटातून गुरगुरत नाही, घसा फाटेस्तोवर किंचाळतो, आणि तरी तो मेलोडिक डेथ मेटलचा पायाभूत अल्बम मानला जातो. सिनिकच्या ‘फोकस’मध्ये (१९९३) तर व्होकोडर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून आलेला यंत्रमानवी आवाज आहे. उलट चिल्ड्रेन ऑफ बोडमच्या गाण्यांतला गळा मनातल्या मनात पुसून बघा, खाली निम्मं पॉवर मेटल सापडतं. गळा हा सगळ्यात आधी कानावर पडतो, म्हणूनच तो सगळ्यात जास्त फसवतो.

माझा नियम साधा आहे. गिटारवाल्याचा उजवा हात ऐका आणि ड्रमरचे पाय ऐका. (ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी डावखुरा. त्याच्यापुरता डावा हात म्हणा.)

आयोमीपासूनच सुरू करू, कारण सगळ्यांची वंशावळ शेवटी तिथेच जाते. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्याने बोटांवर टोपणं चढवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे ताण कमी करायला गिटार खालच्या सुरात उतरवली. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधल्या बऱ्याच गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहे. डूम मेटल म्हणजे या जड, विलंबित रिफला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याला, चिकटून राहिलेली मंडळी. त्यावर अधिक बोलायची गरज नाही, डूमवाले स्वतःही फार बदलले नाहीत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

खरी गंमत थ्रॅश, डेथ आणि ब्लॅक यांच्यात आहे, कारण तिन्ही वेगवान, तिन्ही कर्कश, आणि लांबून ऐकलं तर तिन्ही सारखेच.

थ्रॅशमध्ये उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकलेला असतो. सूर वाजतो आणि लगेच दाबला जातो, त्यामुळे रिफ ठोकल्यासारखा तुटक येतो. मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डचं पिक (तारा छेडायची पट्टी) कितीतरी रिफमध्ये फक्त खाली जातं, वर येताना तार छेडत नाही. त्या वेगात हे करून बघा, मनगट दोन मिनिटांत जाब विचारतं. त्याच्या खाली ड्रम्स पंकसारखे धावतात. मेटालिकाचा ‘किल एम ऑल’ आणि स्लेयरचा ‘शो नो मर्सी’ दोन्ही १९८३ चे. त्यात ब्रिटिश मेटलची नक्षी आणि पंकचा वेग एकत्र ऐकू येतात.

डेथ मेटल इथूनच फुटतं, पण हात बदलतो. गिटार आणखी खाली उतरते, रिफ सरगमीतून बाहेर पडून लागोपाठच्या अर्धस्वरांवरून सरपटायला लागतो, जाड तारांवर पिक थरथरतं आणि लय मध्येच कापून दुसरीकडे वळते. पझेस्डचा ‘सेव्हन चर्चेस’ (१९८५) ऐकलात तर एक पाय थ्रॅशमध्ये आणि एक पुढच्या घरात आहे. मॉर्बिड एंजलच्या ‘अल्टर्स ऑफ मॅडनेस’पर्यंत (१९८९) दोन्ही पाय आत आलेले असतात. स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ (१९८६) डेथ मेटलवाल्यांचा लाडका आहे, अर्ध्या तासाच्या आत सगळं संपतं, पण तळवा ऐका. थ्रॅशच आहे तो. यावर मी मागे हटणार नाही.

ब्लॅक मेटलमध्ये तळवा बहुतेक वेळा तारांवरून उचलला जातो. पूर्ण कॉर्ड उघडी ठेवून पिक अखंड थरथरतं, सूर एकमेकांत मिसळतात, आणि ठोके मोजण्याऐवजी तुम्ही एका सलग धुक्यात उभे राहता. ड्रम्सचा ब्लास्ट बीट, म्हणजे सुसाट ठोक्यांचा मारा, डेथ मेटलमध्येही असतो, पण तिथे तो हल्ला करतो आणि थांबतो. इथे तो पावसासारखा लागून राहतो. हा फरक एकाच बँडमध्ये ऐकायचा असेल तर डार्कथ्रोन घ्या. नॉर्वेच्या या मंडळींचा पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ (१९९१) चोख डेथ मेटल आहे, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केलेला. पुढच्याच वर्षी ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ आला आणि ते ब्लॅक मेटलकडे वळले, तरी मधूनमधून जुने डेथ रिफ डोकं वर काढतात. १९९४ च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’मध्ये तेही गेले. उरलं ते चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केलेलं पातळ, गोठलेलं गुणगुणणं.

इथे माझ्या नियमाला पहिला तडा जातो, कारण ब्लॅक मेटलवाले म्हणतात, मुद्रणसुद्धा शैलीचाच भाग आहे. हे मला अर्धं पटतं. स्टॉकहोमच्या डेथ मेटलची ओळख तर गिटारचा आवाज बदलणाऱ्या एका पेडलवर आहे. बॉस कंपनीचं एचएम-२ घ्यायचं, सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवायची, आणि एन्टूम्बडच्या ‘लेफ्ट हँड पाथ’सारखा (१९९०) करवतीचा आवाज निघतो. लोक ‘स्टॉकहोम’ म्हणतात तेव्हा त्यांना हा आवाज म्हणायचा असतो, शहर नाही. पण मुद्रण खराब असलं की ब्लॅक मेटल खरं, हा हट्ट मला मान्य नाही. एम्पररचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ (१९९४) कीबोर्डच्या लाटांनी भरलेला, भव्य अल्बम आहे. त्याला कोण बाहेर काढणार?

आता नावांचा घोळ. नावं कानाने दिलेली नसतात, हे एकदा कळलं की निम्मी भांडणं आपोआप मिटतात. ब्लॅक मेटल हे नाव व्हेनमच्या १९८२ च्या अल्बमवरून आलं, आणि तो ऐकायला मोटरहेडचा बेफाम धाकटा भाऊ आहे. नॉर्वेचा आवाज तयार व्हायला पुढे दशक लागलं. ‘न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल’ हे लांबलचक नाव १९७९ मध्ये ‘साउंड्स’ साप्ताहिकातून पसरलं. ती एका काळाची आणि देशाची मोळी आहे, शैली नाही. आयर्न मेडन आणि व्हेनम एकाच मोळीत बसतात ते उगाच नाही. आणि मोटरहेडचा म्होरक्या लेमी किल्मिस्टर तर शेवटपर्यंत सांगत राहिला की मोटरहेड रॉक अँड रोल वाजवतो. ऐकलं कुणी?

सगळ्यात कुचकामी नावं शब्दांच्या विषयावरून पडलेली. व्हायकिंग मेटल घ्या. बाथरीचा ‘हॅमरहार्ट’ (१९९०) संथ, कोरसने भरलेला, आणि अमॉन अमार्थ सरळ मेलोडिक डेथ मेटल. दोघांत समान काय, तर जहाजं आणि थॉर. या न्यायाने उद्या बागकामावर गाणी लिहिणाऱ्यांची वेगळी शाखा काढावी लागेल. याच्या नेमकं उलट, हॉर्ड नावाच्या ऑस्ट्रेलियन एकट्या माणसाच्या प्रकल्पाने १९९४ मध्ये ‘हेलिग उसवार्त’ काढला. हात, पाय, मुद्रण, सगळं ब्लॅक मेटल, आणि शब्द ख्रिस्ती भक्तीचे. कट्टर लोक भडकले, अजूनही भडकतात. त्यांचं म्हणणं, सैतान नाही तर ब्लॅक मेटल नाही. माझं म्हणणं, शब्द कळत नसलेल्या माणसाला तो अल्बम ऐकवा आणि विचारा.

वेशावरून ठरवणाऱ्यांचं तर बोलूच नका. घोस्टचा गायक सैतानी पोपच्या वेशात येतो आणि वाजतं ते सत्तरच्या दशकातलं गोड, गुळगुळीत रॉक. मला घोस्ट आवडतो, पण २०१६ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं ते मेटलचं. हे तेच ग्रॅमी, ज्यांनी १९८९ मध्ये हार्ड रॉक-मेटलचा पहिला पुरस्कार मेटालिकाला डावलून जेथ्रो टलला दिला होता. बासरीवाल्या जेथ्रो टलला! पुढच्या वर्षी दोन्हींचे पुरस्कार वेगळे झाले. वर्गवारी फालतू असते म्हणणाऱ्या शहाण्यांना मी ही एवढीच गोष्ट सांगतो.

माझ्या नियमाला दुसरा आणि मोठा तडा मेटलकोअरमुळे जातो. तिथे उजवा हात कित्येकदा थेट ॲट द गेट्सकडून उचललेला असतो, मग तो मेलोडिक डेथ का नाही? कारण तो हार्डकोअर पंकच्या घरात जन्मला. मधला ब्रेकडाउन, जिथे सगळं थबकून जमिनीवर आदळतं, तो तिकडचा वारसा. म्हणजे नुसता कान पुरत नाही, कुळही बघावं लागतं. न्यू मेटलवरचा बहिष्कार याच कुळावरून आहे: हिप-हॉपची लय, फंकचा बेस, सोलोचा पत्ता नाही. तरी कॉर्नचा १९९४ चा पहिला अल्बम मी मेटलमध्येच धरतो. सात तारांची खाली उतरवलेली गिटार आणि तो गुदमरवणारा जडपणा आयोमीच्याच वळणावर जातो. पुढच्या बऱ्याच नकलांबद्दल मात्र मी वकिली करणार नाही.

डेफहेवनच्या ‘सनबेदर’ (२०१३) वरून झालेला राडा आठवतो का? त्याचं मुखपृष्ठ गुलाबी होतं, आणि निम्मा संताप त्या गुलाबीवर होता. थरथरतं पिक, अखंड ब्लास्ट, चिरकणारा गळा, सगळं जागेवर. बदलला होता सुरांचा मूड, तो शूगेझ या धूसर गिटार-रॉककडून आलेला, उजेडाचा. मी त्याला ब्लॅक मेटलची शाखा मानतो. नसेल मानायचं तर कारण सुरांत दाखवा. रंग आणि केशरचना पुरावा म्हणून चालणार नाहीत.

आणि शेवटी सेल्टिक फ्रॉस्ट, माझे आवडते. स्वित्झर्लंडच्या या बँडवर थ्रॅश, डेथ, ब्लॅक आणि डूम असे चारही गट हक्क सांगतात आणि चौघांचंही खरं आहे. ‘मॉर्बिड टेल्स’ (१९८४) थ्रॅशवाले आपला म्हणतात. ‘टू मेगा थेरिअन’वरचं (१९८५) ‘सर्कल ऑफ द टायरंट्स’ ऑबिच्युरी या डेथ मेटल बँडने स्वतः वाजवलं. डार्कथ्रोनच्या रिफमध्ये त्यांचे ठसे आहेत, आणि ‘मोनोथिस्ट’ (२००६) कुठल्याही डूमवाल्याला पुरून उरेल. मला विचाराल तर मी त्यांना कुठल्याच एका कप्प्यात टाकणार नाही. मधे १९८८ मध्ये त्यांनी केस फुगवून ‘कोल्ड लेक’ नावाचा ग्लॅम ढंगाचा अल्बम काढला होता. त्याच्यावर हक्क सांगायला चौघांपैकी एकही गट अजून पुढे आलेला नाही.