दुसरा दांडा

मुळात नवी गाडी घ्यायची गरजच नव्हती. आमची जुनी हॅचबॅक एका सेल्फमध्ये सुरू होते, एसी गार करतो, आणि विमा एजंट तिची आजची किंमत सांगताना आवाज खाली आणतो, एवढाच काय तो दोष. पण जून 2023मध्ये मारुती सुझुकीनं पाच दारांची जिम्नी बाजारात आणली आणि कोथरूडमधल्या एका सरळमार्गी, पगारदार, हेल्मेट घालून दूध आणायला जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात किडा शिरला.

किडा कशाचा, तर दांड्याचा. या गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा आहे. त्याच्या जागा तीन: टू एच, फोर एच आणि फोर एल. पहिल्या जागी फक्त मागची चाकं जोर लावतात, दुसऱ्या जागी चारही, आणि तिसऱ्या जागी चारही चाकं अगदी सावकाश पण साधारण दुप्पट जोरानं फिरतात. रस्त्यावर 'एसयूव्ही' म्हणून मिरवणाऱ्या बहुतेक गाड्यांची पुढचीच चाकं कष्ट करतात, मागची नुसती सोबतीला असतात. इथे मात्र ट्रकसारखी शिडीची चासी, खराखुरा फोर बाय फोर, आणि लांबी 3985 मिलिमीटर. म्हणजे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या पिवळ्या चौकटीत बसून वर हात फिरवायला जागा उरेल.

शिवाय खानदान आहे. जपानात पहिली जिम्नी 1970 साली आली. आपल्याकडे 1985मध्ये आलेली जिप्सी त्याच घराण्यातली. आमच्या लहानपणी खडकी-वानवडीकडे गेलं की लष्कराच्या हिरव्या जिप्स्या दिसायच्या आणि त्यांतून उतरणारी माणसं काहीतरी महत्त्वाचं करायला निघालेली असायची. मी त्या गाडीतून उतरून भाजी घ्यायला निघालो तरी भाजीला थोडं महत्त्व येईल, असा माझा हिशोब.

पुण्यात नवी गाडी म्हटलं की लोक रंग विचारत नाहीत. ''किती देते?'' हा पहिला प्रश्न, आणि बऱ्याचदा तोच शेवटचा. मी खालच्या मजल्यावरच्या काकांना कंपनीचा आकडा सांगितला, मॅन्युअल गिअरला लिटरमागे 16.94 किलोमीटर. काकांनी डोळे मिटले, मनातल्या मनात कंपनीचा उत्साह, कर्वे रोडचे सिग्नल आणि माझी चालवण्याची पद्धत वजा केली आणि म्हणाले, ''म्हणजे गावात अकरा. आनंद आहे.'' या 'आनंद आहे'वर पुण्यात अपील चालत नाही.

किमतीचं प्रकरण त्याहून गमतीदार. चार मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत मिळते, हे आपल्याला ऐकून ठाऊक असतं. ही गाडी चार मीटरपेक्षा 15 मिलिमीटरनं आखूड, म्हणून मी खुशीत होतो. पण नियमाला दुसरंही शेपूट आहे: पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या वर नको. हिचं इंजिन 1462 सीसी. त्यामुळे सप्टेंबर 2025पर्यंत 28 टक्के जीएसटीवर छोट्या पेट्रोल गाड्यांना जिथे 1 टक्का उपकर लागायचा, तिथे हिला 17. एक्स-शोरूम किंमत तेव्हा पावणेतेरा लाखांपासून सुरू व्हायची. त्यावर महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स, वर विमा, वर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आगाऊ गोळा केलेला आयकर. सगळ्यात स्वस्त मॉडेल ऑन रोड पंधरा लाखांच्या उंबरठ्यावर येऊन उभं राहायचं, आणि सगळ्यात स्वस्त मॉडेल घ्यायचं नाही हे शोरूममधला मुलगा आपल्याला चहा संपायच्या आत पटवून देतो. वरच्या मॉडेलला हेडलाइटवर पाण्याची चिळकांडी मारणारे वॉशर आहेत म्हणे. आमच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर येतो. गाडी नळीनं धुतली म्हणून सेक्रेटरींची नोटीस आलेली माणसं आम्ही. दिव्यांना वेगळी आंघोळ घातलेली दिसली तर सर्वसाधारण सभाच बोलावतील.

हे सगळं मी एक्सेलमध्ये भरलं, रंगीत रकाने केले आणि बायकोपुढे लॅपटॉप ठेवला. तिनं रकाने पाहिलेच नाहीत.

''आपण शेवटचे कधी रुतलो होतो?'' तिनं विचारलं.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. सिंहगड रस्त्यावरचं एक लॉन, पावसाळ्यातलं लग्न, पार्किंगला दिलेलं शेत. पुढची चाकं जागच्या जागी फिरत होती आणि मागच्या गाडीतल्या वरपक्षाच्या शेरवानीवर नक्षी उमटत होती.

''मग काय केलं होतंस?''

''केटररच्या चार वाढप्यांनी ढकलून काढली.''

''त्यांना काय दिलंस?''

''पन्नास-पन्नास रुपये.''

''म्हणजे दोनशे,'' ती म्हणाली. ''पंधरा लाखांत साडेसात हजार वेळा रुतता येईल. घे हिशोब करून.''

मी हिशोब केला. बरोबर होता. शिवाय चौघांनी चार बाजूंनी जोर लावला होता, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तेही फोर बाय फोरच.

पण माणसाला खरोखर एखादी वस्तू हवी असली की तो गरज शोधत हिंडतो. मी आधी घराजवळ शोधली. पुण्यातले खड्डे, खोदलेले रस्ते, पावसाळा, सगळं तर आहे. इथे आमची कन्या आडवी आली. ती मेकॅनिकल इंजिनीअरिंगला आहे आणि तिच्या फीचे पैसे आता माझ्याविरुद्ध वापरले जातात. तिनं टेबलावर चार बाटल्यांची बुचं मांडली आणि समजावलं: ''बाबा, गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या वळणावरून जातात, मागची छोट्या. म्हणजे पुढची जास्त अंतर कापतात. या गाडीत फोर एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, मध्ये दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नाही. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, मग सगळा ताण गिअरवर. म्हणून कोरड्या रस्त्यावर टू एचच ठेवायचं.''

म्हणजे पंधरा लाखांतला जो भाग मला हवा होता, नेमका तोच कर्वे रोडवर वापरायला मनाई. दांडा आहे, पण हात लावायचा नाही.

''आणि खड्डे?''

''खड्ड्याला क्लिअरन्स लागतो, फोर बाय फोर नाही.''

क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, मात्र भरघोस आहे, 210 मिलिमीटर. इथे मला जरा आधार मिळाला, कारण आमच्या गाडीचं पोट रोज सोसायटीच्या फाटकातच घासतं. स्पीडब्रेकर कसा असावा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे: उंची दहा सेंटिमीटर, पण रुंदी चांगली 3.7 मीटर, म्हणजे गाडी हळूच चढून हळूच उतरावी. आमचा स्पीडब्रेकर कुणाच्या तरी बाथरूमच्या कामातून उरलेल्या सिमेंटचा आहे. त्याला चढ आहे, लगेच उतार आहे, आणि मध्ये काहीही नाही. त्याच्यावरून जाताना वॉचमन प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून मान हलवतो. पण एका स्पीडब्रेकरसाठी पंधरा लाख घालण्यापेक्षा तो फोडायला किती लागतील, असं विचारणारं कुणीतरी घरात होतंच.

पुराचं कारणही काढून पाहिलं. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, हे पुण्यात पंचांगाइतकं ठरलेलं. पण पाण्यात गाडी तरंगायला लागली की चाकं चार फिरोत नाहीतर एक, रस्त्याला टेकलेलंच कुणी नसतं. आणि लकडी पुलावरून पूर बघायला जायचं तर चालतच जावं लागतं.

माझ्या शाळेतल्या एका मित्राकडे महिंद्राची फोर बाय फोर थार आहे, म्हणून त्याचा सल्ला घ्यायला गेलो. नव्या पिढीची थार 2020च्या गांधी जयंतीला बाजारात आली आणि याचं आयुष्य त्याच आठवड्यात बदललं, असं तो सांगतो. गाडीच्या दारांपर्यंत लाल चिखल वाळून बसला होता. मी म्हटलं, ''कालच जाऊन आलास वाटतं?'' तो म्हणाला, ''ताम्हिणी. गेल्या महिन्यात.'' गाडी धुणाऱ्या पोराला त्यानं सक्त ताकीद दिली आहे: काच पुसायची, बाकी हात लावायचा नाही. मध्ये एकदा अवेळी पाऊस पडला तेव्हा त्यानं गाडीवर कव्हर घातलं, चिखल वाहून जाऊ नये म्हणून. ''फोर एल कधी टाकलंस?'' मी विचारलं. त्यानं बराच विचार केला. ''मॉलच्या पार्किंगमध्ये. साडूला दाखवायला.''

तरी एक जागा होती. राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीला जाणारी कच्ची वाट, पंधरा-एक किलोमीटर, पावसाळ्यात ओढे, शेवाळलेले धोंडे आणि घोटाभर चिखल. श्रीवर्धन आणि मनरंजन, दोन्ही बालेकिल्ले धुक्यात. ही वाट फोर बाय फोरवाल्यांची पंढरी. मागे आम्ही ती चालत केली होती आणि तेव्हा एका ओढ्याच्या काठावर तीन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. डोक्यावर दिवे, पाठीवर फावडी. मालक खाली उतरून पाण्यात काठी घालून खोली मोजत होते, वॉकीटॉकीवर एकमेकांशी बोलत होते, जरी सगळे एकमेकांपासून हातभर अंतरावर होते. तेवढ्यात मागून एक जण जुन्या स्प्लेंडरवरून आला. मागे गॅसचा सिलिंडर बांधलेला, पुढे टाकीवर शाळेचं दप्तर अडकवलेलं पोर, पायात स्लिपर. त्यानं हॉर्न दिला, ''साहेब, जरा साइड द्या'' म्हणाला, पाय दोन्ही बाजूंना सोडून ओढा पार केला आणि धुक्यात दिसेनासा झाला. वॉकीटॉकी काही काळ शांत होते. हा प्रसंग मी एक्सेलमध्ये टाकला नाही.

राहता राहिलं कोकण. किनाऱ्यावर गाडी घालायचा मोह मला नाही. त्याला बंदीही आहे, आणि वाळूत टायरची हवा न उतरवता शिरलं की चार चाकं एकाऐवजी चार खड्डे खणतात. मग भरती येते आणि मालक बैलगाडीवाल्याशी भाव करायला लागतो. दर सुट्टीत असा एक तरी व्हिडिओ येतोच. माझा मुद्दा वरंधा घाटाचा होता. पण कोकणात आम्ही कधी चौघंच जात नाही. मावशी असते. आणि ही गाडी चारजणांची आहे. मागे मध्यभागी पाचव्या माणसाला पट्टाच नाही. मावशीला हे कोण सांगणार, यावर घरात दीर्घ शांतता पसरली. डिकी 208 लिटर. येताना हापूसच्या पेट्या, आगळाच्या बाटल्या, एखादा फणस. मागची सीट पाडली तर डिकी 332 लिटर होते, पण मग फणस बसतो आणि आई उभी राहते. डिकीचं दार वर न उघडता आडवं उघडतं, वर त्याच्या पाठीवर स्टेपनी. आमच्या पार्किंगमध्ये गाडीच्या मागे जोशीकाकांची स्कूटर तिरकी लावलेली असते. दार उघडायचं तर आधी काकांना दुपारच्या झोपेतून उठवावं लागेल, आणि त्यापेक्षा राजमाचीचा ओढा सोपा.

अखेर सगळे मिळून टेस्ट ड्राइव्हला गेलो. आईही आली, ''बसून तर बघू'' म्हणून. शोरूमच्या मुलानं दार उघडलं. आईनं गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं.

''हे किती उंच रे.''

मुलगा हुशार होता. ''आजी, साइड स्टेप बसवून देतो ना. पाय ठेवायला पायरी. ॲक्सेसरी आहे.''

मी खिशाला हात लावतो तोच कन्येनं तोंड उघडलं. गाडी उंचवट्यावरून जाताना मधल्या पोटाला किती वाव आहे त्याचा एक कोन असतो, तो या गाडीत 24 अंश आहे, आणि दोन्ही बाजूंना खाली पायरी लोंबवली की दगडावर पहिली तीच आपटणार. म्हणजे उंच गाडी घ्यायची, आणि आजीला चढता यावं म्हणून तिची उंची पैसे भरून कमी करायची. मुलगा तिच्याकडे आदरानं पाहत राहिला. बायको माझ्याकडे पाहत होती, आदरानं नव्हे.

''एवढं कशाला,'' आई म्हणाली. ''घरातला पाट ठेवू की गाडीत. पाट टाकायचा, चढायचं.''

''आणि सगळे चढल्यावर पाट कोण उचलणार?'' बायको.

''हा उचलेल.'' आईनं माझ्याकडे बोट केलं.

''तो चालवणार ना?''

''मग आधी उचलेल, मग चालवेल.''

पाट डिकीत ठेवायचा तर दार आडवं, म्हणजे जोशीकाका. पायापाशी ठेवायचा तर मागे पाय ठेवायला जागा उरते तेवढीच. शिवाय आमचा पाट शिसवी, आजोबांच्या वेळचा, तो एखाद्या देवळाबाहेर विसरला तर गाडी परत न्यावी लागेल, याबद्दल दोघींचं एकमत झालं. मी दरम्यान ड्रायव्हरच्या सीटवर बसून घेतलं होतं. बुटक्या दांड्यावर हात ठेवून पाहिला. छान बसतो हात. टू एच, फोर एच. शोरूमची फरशी कोरडी होती, म्हणून परत टू एच.

''काय मग सर,'' मुलगा खिडकीशी वाकला, ''रंग कुठला धरू?''

मी तोंड उघडायच्या आत मागून आईचा आवाज आला. ''अरे बाळा, तुमच्याकडे पाट मिळतो का? हलका असला तर बरं.''

त्यानं टॅब काढला आणि ॲक्सेसरीजची यादी वरपासून खालपर्यंत खरोखर सरकवून पाहिली.

''पाट दिसत नाहीये, आजी,'' तो म्हणाला. ''पण आज बुकिंग करत असाल तर मॅनेजरांशी बोलून बघतो.''