निळी टिक झाली म्हणजे वाचलं असं नसतं हो!!

आईला मेसेज टाकला, सिलिंडरवाला चारला येतोय, घरीच थांब. एक टिक म्हणजे मेसेज सर्व्हरवर गेला, दोन म्हणजे तिच्या फोनात पोचला आणि २०१४ पासून त्या निळ्या होतात म्हणजे समोरच्याने चॅट उघडलं, बस्स, एवढंच, डोक्यात शिरलं की नाही ते व्हॉट्सअ‍ॅपला काय कळणार, पण आपण येडे, निळं दिसलं की निवांत. सिलिंडरवाला कुलूप बघून परत गेला आणि आई भजनी मंडळात. विचारलं तर म्हणे, "अगं मी वरचं गुलाबाचं सुप्रभात बघत होते, खाली तू काय लिहिलंयस ते कुठे दिसलं!" नंबर परत लावलाय, आता चार दिवस इंडक्शनवर. मी चिडून एवढा मोठा मेसेज लिहिला तर त्यावर अंगठा आलाय. नुसता अंगठा!