शर्टात अडकलेली काताकाना

जपानी लिपी मराठी माणसाला आधी लाडीगोडी लावते. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या आपल्याच वर्णमालेवरून बसलेला, त्यामुळे हिरागाना या पहिल्या लिपीची 46 अक्षरं घरचीच वाटतात. पुढे तेवढीच काताकाना येते, परकी नावं-शब्द लिहायची लिपी, आणि तिच्यामागे कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं; नेहमीच्या वापरातल्या कांजींची सरकारी यादीच 2136 चिन्हांची.

कांजीवर माझा राग नाही. ती अवघड आहे आणि तशीच दिसते. माझं भांडण काताकानाशी आहे. 'शि' आणि 'त्सु', दोन्हींत दोन छोटे फराटे, एक लांब रेघ. 'शि'चे फराटे डाव्या कडेला एकाखाली एक आणि रेघ खालून वर. 'त्सु'चे फराटे वर शेजारी-शेजारी आणि रेघ वरून खाली. एकेक फराटा कमी करा, की 'न्' आणि 'सो' ही धाकटी जोडी तयार. रेघेची दिशा चुकली की अक्षर बदललंच. त्यात शर्टाला म्हणायचं 'शात्सु'. दोघं एकाच शब्दात!

कांजीत 'उजवा' आणि 'डावा' यांचा वरचा भाग सारखाच, पण उजव्यात तिरकी रेघ आधी काढायची, डाव्यात आडवी. का, असं शिक्षकांना विचारू नये.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हाताने एक अक्षर लिहावं लागत नाही, सगळे पर्याय. एन-5 या सर्वात सोप्या पातळीला 180 पैकी 80 पुरतात. मात्र श्रवणात 60 पैकी 19 हवेतच, नाहीतर बाकीचे गुण असूनही नापास.

लिहायची वेळ येते ती फॉर्मवर. तिथे रकाने दोनच, आडनाव आणि नाव. आपल्या पासपोर्टात नावाला चिकटून वडीलही असतात, तेव्हा तेही काताकानात उतरवा. 'ल' आणि 'र' एकच, 'ळ'ला तर कुणी विचारत नाही. 'जोशी'त 'जो' आडवी रेघ देऊन लांबवायचा की नाही हे बँकेत जाण्याआधीच ठरवा आणि पगाराच्या कागदावर तेच लिहा. त्या एका रेघेच्या फरकानेही पैसे अडकू शकतात. ऑनलाइन फॉर्म असेल तर काताकाना पूर्ण रुंदीची हवी की अर्ध्या, यावरून तो अडतो, आणि हे सांगणारी सूचना अर्थात कांजीत. साल रेइवात, म्हणजे सध्याच्या सम्राटाच्या कालगणनेत, मागितलं तर इसवी सनातून 2018 वजा करा, त्याआधीचं हेइसेइ असेल तर 1988.

ऑफिसात बाकी सगळं टाइपच करायचं असतं. रोमन अक्षरं टाका, स्पेस दाबा, समोर आलेल्या कांजींतून योग्य ती निवडा. सोपं आहे. फक्त 'किन्-एन', म्हणजे धूम्रपानबंदी, लिहिताना मधला एन दोनदा दाबा. एकदाच दाबलात तर 'किनेन' होतं, आणि जिन्यात 'धूम्रपान निषिद्ध'च्या जागी 'स्मरणार्थ' अशी पाटी लागते.