टॉर्चखाली चमकलं म्हणजे लिव्हर बिघडलं?

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘चमकणाऱ्या पॉलिमर नॅनोकणांचा थेंब रक्तात टाका. यूव्ही टॉर्चखाली जितकं जास्त चमकेल, तितकं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, म्हणजे लिव्हर खराब. लॅबला पैसे घालू नका.’ नॅनोकण खरे आहेत, बाकी सगळी जोडाजोड.

‘जास्त चमक, जास्त एन्झाइम.’ हे एन्झाइम, म्हणजे रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज, मोजायच्या एका पद्धतीत नेमकं उलटं होतं. कणांबरोबर पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट नावाचं रसायन घालतात. एन्झाइम त्यातला फॉस्फेट तोडतं, पिवळं नायट्रोफिनॉल सुटतं आणि ते ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळतं. त्यामुळे निळे चमकणारे कण मंदावतात. एन्झाइम जास्त तर चमक कमी!

‘रक्ताचा थेंब पुरे.’ हिमोग्लोबिनही ४१५ नॅनोमीटरजवळ प्रकाश गिळतं, म्हणजे एन्झाइम असो-नसो, रक्त घातलं की चमक कमी होणारच. म्हणून सीरम लागतं: रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं पाणी म्हणजे सीरम, ते गुलाबी दिसलं तर सरळ टाकून द्यायचं. सीबीसीची जांभळी ट्यूबही चालत नाही. तिच्यातलं ईडीटीए हे रसायन जस्त आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि त्यांच्याविना हे एन्झाइम बसून राहतं.

‘टॉर्च पुरे.’ मोजायचा असतो तो चमक कमी होण्याचा वेग. ३७ अंश, पीएच १०च्या आसपास, दर ३० सेकंदांनी ५ मिनिटं वाचन, आणि त्यातल्या सरळ भागाचा उतार. शेजारी एक बिनसीरमची ट्यूब हवी आणि एक लेव्हॅमिसोल घातलेली. लेव्हॅमिसोल लिव्हर-हाडांचं हे एन्झाइम थांबवतं. तरीही चमक तेवढीच कमी झाली तर कारण दुसरंच. टॉर्चखाली तर पांढरा कागदसुद्धा निळा चमकतो.

‘कण घरी बनतात.’ पॉलिमर टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम इतकं पातळ करायचं, त्यातलं ५ मिलीलिटर अल्ट्रासॉनिक बाथमधल्या १० मिलीलिटर पाण्यात एका झटक्यात सोडायचं, नायट्रोजनने द्रावक उडवायचं, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. थेंब-थेंब सोडलं तर मोठे गोळे होतात. फ्रीझरमध्ये ठेवलं तरी कण चिकटतात. जागा ४ अंशांची. आणि जुन्या बाटलीतल्या टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये पेरॉक्साइड साठतात. ते तापवलं तर स्फोट होऊ शकतो. हे स्वयंपाकघरात? मुळीच नको.

राहिलं लिव्हर. वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हे एन्झाइम एरवीही जास्त असतं, हाड जुळतानाही वाढतं. डॉक्टर सोबत जीजीटी (लिव्हरचं आणखी एक एन्झाइम) बघतात ते त्यासाठीच: तो नॉर्मल असेल तर संशय आधी हाडांवर जातो.